तिसरी पुकार

नाही, जीपचं नाही, फादर. जीपचं मागच्या रविवारीच विचारून झालं — नऊ जण बसतील, दहावा बसला तर ड्रायव्हर कुरकुर करंल, असं तुम्ही म्हटलं होतं. तेव्हाही मले जीपचं काही विचारायचं नव्हतं. अन् त्याच्या आधीच्या रविवारी मी गीतांच्या वह्या परत द्यायले आली होती, आठवते? तीन वह्या, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेल्या. तेही नव्हतं. तुमचं लिहिणं चालू द्या, मी उभीच बरी — बसलं की मले पाहुण्यासारखं वाटते. हा तोच कागद ना, आमच्या सोहमचा? मले उलटं वाचता येते. बाबा कॅटेकिस्ट होते, गावोगाव जाऊन धर्मशिक्षण द्यायचे, अन् पुस्तक एकच — ते त्यायच्याकडं तोंड करून असायचं, आम्ही सहाही भावंडं समोर बसून उलटंच वाचायले शिकलो. 'तिन्ही रविवारी नाव पुकारलं — होय. हरकत आली —' अन् पुढं रकाना कोरा. भरायचा आहे अजून. बरं झालं. मग मी वेळेवर आली.

सकाळी मिस्सा झाल्यावर तुम्ही वाचलं ना — 'आपल्या धर्मग्रामातील सोहम भाऊराव खरात हे येत्या शनिवारी धर्मगुरुपदाआधीची डीकनपदाची दीक्षा घेणार आहेत, कोणाची काही हरकत असल्यास धर्मगुरूंना कळवावं' — ते वाचून तुम्ही दोन सेकंद थांबता. तिन्ही रविवारी थांबले, मी मोजलं. तुम्ही वसईकडचे, तिकडं लग्नाच्या पुकारी दर रविवारी चार-चार असतात म्हणे, लोक ऐकतही नसतील. इथं डोणगावात चर्चले माणसं ती किती, साठ-सत्तर, त्यातले वीस आमच्याच घरचे. त्या दोन सेकंदांत आमची माय डोक्यावरचा पदर सारखा करते, अन् मागच्या बाकावरून कलाबाई माझ्याकडं पाहतात — सहजच पाहत असतील, त्यायचा डोळाच तसा आहे — पण मले वाटते, आता उठतील अन् बोलतील. कोणी उठत नाही. मग तुम्ही 'प्रभू तुम्हांबरोबर असो' म्हणता अन् सगळे सुटतात. मी सुटत नाही.

चेहरा असा करू नका, फादर. मुलगीबिलगी काही नाही. हरकत म्हटलं की सगळ्यायले तेच कसं सुचते. सोहमचं तसलं काही नाही, तो लहानपणापासून फादरच आहे. सिस्टरलोक मिस्साची भाकर गोल कापायच्या ना, तिच्या उरलेल्या कडा तो कागदात बांधून घरी आणायचा, मग मायची शाल खांद्यावर घेऊन आमची मिस्सा करायचा. आम्ही रांगेत, जीभ बाहेर. मले मोठा तुकडा द्यायचा, कारण नाही दिला तर मी बाबाले सांगीन म्हणायची. एकदा बाबानं पाहिलंच. मारलं नाही. दारात उभे राहून म्हणाले, 'फादर, प्रवचन राह्यलं तुमचं,' अन् खरंच खाली बसले ऐकायले. सोहम रडला. असा आहे तो. त्याच्यात काही खोट नाही, तुम्ही तसं खुशाल लिहा. खोट आमच्यात आहे.

हे मले सरळ सांगता येत नाही म्हणून मी तीन रविवार घातले. तुम्ही आमच्या घरी येता, पाहता. पण तुम्ही येता तेव्हाचं घर वेगळं असते. सोनेरी काठाचे सहा कप आहेत, ते फक्त फादर अन् सिस्टर आले की निघतात, आम्हाले त्यातून प्यायची परवानगी नाही — मी एकदा प्याली तर मायनं तो कप राखेनं घासला. आमच्याकडं कोणी ना कोणी असतेच. बीबी गावच्या दवाखान्यातल्या सिस्टर, सुटीवरचे ब्रदर, सोहमचे सेमिनरीतले मित्र, एकदा तर चौदा जण जेवायले अन् माझा बारावीचा पेपर उद्या. मी गच्चीवर बसून अभ्यास केला, खालून गिटार. मले आवडायचंही, खोटं कशाले बोलू. नीरजा पण आमच्याच घरी येऊन सिस्टर झाली — बुलढाण्याले हॉस्टेलात माझी रूममेट होती, दिवाळीत चार दिवस आली, सातच्या रोझरीले गुडघे टेकले अन् गेलीच ती कॉन्व्हेंटात. माय म्हणते आमच्या घराले देवाच्या बोलावण्याचा वास आहे. सारिकाताई सिस्टर, सोहम फादर होऊन राह्यला, अन् रोझरी संपली की माय रोज म्हणायची, 'देवा, अजून एक घे.' आम्ही उरलेले एकमेकाकडं पाहायचो, कोणाचा नंबर. निळकंठदादानं लग्नच करून टाकलं घाईघाईनं. हसा, हसण्यासारखंच आहे.

पण एक कायदा आहे आमच्या घरात, तो तुम्हाले माहीत नाही. देवाले दिलेल्या लेकराले घरचं दुखणं कळवायचं नाही. त्याचं मन मागं ओढलं जाते. नांगराले हात लावून मागं पाहणारा देवाच्या राज्याले लायक नाही, हे येशूचं म्हणणं माय ऐकवते. मी बारा वर्षांची होती तेव्हा जनकाबाई, आमची आजी, वारली. राखेच्या बुधवारानंतर दोन दिवसांनी. सारिकाताई तेव्हा नोव्हिशिएटमध्ये, सिस्टर व्हायच्या शिकवणीत, रांचीकडं, अन् आजीनंच तिले वाढवलेलं. माझं अक्षर चांगलं म्हणून घरची पत्रं मी लिहायची. मायनं सांगितलं, मी लिहिलं — 'आजी बरी आहे. तुझी आठवण काढते. दात दुखतात म्हणून भाकरी दुधात कुस्करून खाते.' दाताचं मायनं नव्हतं सांगितलं. ते मी माझ्या मनानं घातलं, खरं वाटावं म्हणून. चौदा महिने मी मेलेल्या आजीची पत्रं लिहिली, फादर. पाय दुखतो, मांजरीनं पिलं दिली, आजी पिलायले ओरडते. मले गंमत वाटायची. मग ताईची पहिली व्रतं झाली अन् ती घरी आली, बॅगेतून लोकरीची शाल काढली, जांभळी, अन् इकडंतिकडं पाहत म्हणे, आजी कुठं गेली? मायनं सांगितलं. ताईनं शाल घडी करून परत बॅगेत ठेवली, मोरीवर गेली अन् दिवसभर भांडी घासत बसली, घासलेलीच परत घासली. जाताना फक्त माझ्याजवळ येऊन म्हणाली, 'दात कोणाचे दुखत होते गं, अशू?' बस. आता ती सिस्टर सारिका आहे, दोनशे पोरींची शाळा चालवते, सगळ्यायशी गोड. माझ्याशीही गोड. पण फोनवर मी काहीही सांगितलं की ती थोडी थांबते. तुमच्यासारखी. दोन सेकंद.

पावणेअकरा झाले का? तुमचं घड्याळ पुढं आहे? नाही ना. साडेअकराले सोहमचा फोन येते, रविवारी तासभरच मिळते त्यायले फोन. मग मी लवकर सांगते.

बाबाले ऑगस्टमध्ये लकवा मारला, ते तर तुम्हाले माहीतच आहे, तुम्ही दर पहिल्या शुक्रवारी कम्युनियन घेऊन येता. उजवी बाजू गेली अन् बोलणं गेलं. ज्या माणसानं तीस वर्षं सायकलीवर फिरून बीबीपासून मेहकरपर्यंत लोकायले गीतं शिकवली, त्याच्या तोंडून आता एकच आवाज निघते, 'अं'. पाणीही अं, देवही अं. तुम्हाले वाटलं असंल, सोहमले सांगितलंय. सगळ्यायलेच वाटते. तुम्ही मायले विचारलं होतं, सोहमनं काय म्हटलं, तर माय म्हणे 'रोज प्रार्थना करते तो बाबासाठी' — करतच असंल, खोटं नाही बोलली ती. पण त्याले माहीत नाही, फादर. सहा महिने झाले. त्याले आम्ही सांगितलं, बाबाचं बीपी वाढलं होतं, आता बरे आहेत. आता शनिवारी जीप तिकडं जाईल तर म्हणायचं, बाबाले प्रवासाची मनाई आहे. तो दीक्षा घेईल, मग दोन दिवसांनी घरी येईल, अन् तेव्हा पाहील. शालीसारखं.

फोन? फोन मी धरते ना. व्हिडिओ. आधी बाबाले दोन उशा लावून बसवायचं, मग डाव्या अंगानं फोन जवळ धरायचा, इतका जवळ की अर्धाच चेहरा दिसावा — एक डोळा, एक गाल, मिशीची एक बाजू. चांगली बाजू. मागची सलाइनची बाटली टांगायची दोरी दिसू नये म्हणून भिंतीवर मरियामाईचं कॅलेंडर टांगलंय. अन् बाबा 'अं' करायले लागले की मी म्यूट दाबते अन् म्हणते, 'दादा, नेटवर्क नाही रे, तू बोल, आम्हाले ऐकू येऊन राह्यलं.' डोणगावचं नेटवर्क असं आहे की कोणीही पटवून घेईल. मी एमएसडब्ल्यू केलंय, फादर. कॉलेजात मी पारदर्शकतेवर भाषण केलं, पहिला नंबर आला. अन् इथं मी बापाच्या तोंडाले म्यूट लावते.

हो, तुम्ही तेच विचाराल, नीरजानंही तेच विचारलं — इतके दिवस गप्प होती, आता पुकारीच्या वेळीच काऊन आठवलं? सांगते. नोव्हेंबरात सोहमनं फोन केला, घरच्यायले नाही, एकट्या मले. म्हणे, 'अशू, एक खरं सांगशील? तिथं माझी गरज असंल तर आत्ताच सांग. डीकन झालो की मले मागं फिरता येणार नाही, मग हे विचारणंही पाप वाटंल.' मी अंगणात उभी होती, बाबाची चादर वाळत घालत. ओली, जड चादर एका हातात, फोन एका हातात. मी म्हटलं, 'इथं काय गरज आहे तुझी, आम्ही काय मेलो का? तू पाहा तुझं.' फार शूर वाटलं मले त्या दिवशी. वाटलं, आपणही काहीतरी अर्पण केलं. माझ्या नावाचं प्रवचन कोणी करत नाही, पण माझंही काहीतरी वेदीवर गेलं.

अन् मग पंधरा डिसेंबरले मले पत्र आलं. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याले, आदिवासी मुलींचं वसतिगृह आहे एका संस्थेचं. चाळीस मुली, त्यातल्या अर्ध्या ऊसतोडीवरून परत आणलेल्या. मी कॉलेजात असताना दोन महिने राह्यली होती तिथं. एक पोरगी होती, तिले अ काढता यायचा नाही, काना उलटा काढायची. जाताना तिनं माझ्या तळहातावर पेनानं अ काढला, सरळ काना. मी दोन दिवस हात धुतला नव्हता. त्या संस्थेनं मले नोकरीले बोलावलंय. बोलावलंय, फादर — हाच शब्द आहे ना तुमचा? एक फेब्रुवारीले हजर व्हा, नाहीतर दुसरी कोणी. माझं बोलावणं कोणी तीन रविवार वाचत नाही. मायले पत्र दाखवलं तर ती म्हणे, 'ठेव तिथं डब्याखाली, बाबाचं अंग पुसायची वेळ झाली.' तेव्हापासून ते पिठाच्या डब्याखाली आहे. निळकंठदादाचं घर पुण्यात दोन खोल्यांचं, प्रतीक्षाताई सासरी, ऋत्विक बारावीले. उरली कोण?

आता समजलं ना घोळ? मी आत्ता सोहमले खरं सांगितलं, तर तो येईल. मले माहीत आहे, तो बॅग भरून येईल, बाबाचे कपडे धुवील, तक्रार करणार नाही. अन् मी एक फेब्रुवारीले जामोदची गाडी पकडीन. मग मी खरं बोलली म्हणून बोलली, का सुटायचं होतं म्हणून बोलली? तीन रविवार मी हेच घेऊन येते अन् वह्या देऊन जाते. गप्प राह्यली तर वाटते मी माय झाली. बोलली तर वाटते मी भावाची दीक्षा विकली, एका बसच्या तिकिटासाठी. नीरजाले फोन केला तर ती हसली. म्हणे, 'अशू, तू त्याच्यासाठी ठरवूनच टाकलंय, तो येईल म्हणून. तुझ्या मायनं ठरवून टाकलं, तो येऊ नये म्हणून. त्या बिचाऱ्यानं काय ठरवायचं मग?' मले राग आला. कॉन्व्हेंटात बसून बोलायले काय जाते, तिले कोणाचं अंग पुसायचं आहे. मग आठवलं, ती कुष्ठरोग्यायच्या पट्ट्या बदलते. मग अजूनच राग आला.

नाही, हे पापनिवेदन नाही, फादर. तुम्ही गळ्यात तो स्टोलचा पट्टा घालू नका, मले क्षमा नको. क्षमा घेतली की हे तुमच्याजवळ बंद होईल अन् मी घरी जाऊन परत म्यूट दाबीन. हे ऑफिस आहे अन् तुम्ही विचारलंय कोणाची हरकत आहे का, म्हणून मी आली. काय म्हणता — मायशी बोलू? बोला. माय तुम्हाले सोनेरी काठाच्या कपात चहा देईल अन् म्हणेल, 'फादर, तुमच्या मायनं तुम्हाले असं काही कळवलं असतं तर तुम्ही इथं असता का?' बघा, तुम्हीही खिडकीबाहेर पाहायले लागले. माफ करा. मले तसं विचारायचं नव्हतं. तुमची आई... कधी वारली? अन् तुम्ही तेव्हा... बरं. बरं, नका सांगू.

मागच्या रविवारचं तेवढं सांगते अन् जाते, मग तुम्ही पाहा. मागच्या रविवारी व्हिडिओ लागला, सोहम खुश, नवा पांढरा झगा शिवून आलेला दाखवून राह्यला. मी फोन जवळ धरलेला, नेहमीसारखा. अन् बाबानं डावा हात वर केला, तो चांगला हात, अन् फोनपाशी आणला. हलवला. माय मागून म्हणे, 'सोहम, बाबा आशीर्वाद देऊन राह्यले, मान झुकव.' त्यानं तिकडं मान झुकवली. मग वर पाहून म्हणे, 'माय, डाव्या हातानं?' माय म्हणे, 'उजव्यात जपमाळ हाय ना बाबू.' तो हसला. सगळे हसले. पण तो आशीर्वाद नव्हता, फादर. फोन माझ्या हातात होता, मले कळलं. बाबा फोन ढकलून राह्यले होते. एकदा ढकलला, दोनदा ढकलला, अन् माझ्याकडं पाहून 'अं' केलं. तसं मी लगेच म्यूट दाबलं. मी सहा महिने त्यायचं तोंड पुसते, मले कोणता अं कशाचा ते कळते. ते म्हणत होते — लांब धर. पूर्ण दाखव मले. माणूस आहे मी, अर्धा गाल नाही.

अन् मी अजूनच जवळ धरला.

हे मी कोणाले बोलली नव्हती. तुम्हालेही हे सांगायले नव्हती आली, माझं जामोदचंच घेऊन आली होती. आता बोलून झाल्यावर वाटते, एवढंच होतं. बाबाले कोणी विचारलंच नाही. मायनं त्यायले देवाले दिलेल्या लेकरासाठी झाकलं, मी माझ्या शूरपणासाठी झाकलं, अन् आता माझ्या नोकरीसाठी उघडू का नको म्हणून तीन रविवार गीतांच्या वह्या घेऊन फिरून राह्यली. त्यायचा आवाज त्यायचा आहे. अं तर अं.

किती झाले? सव्वाअकरा. मले निघायले पाहिजे, पाच मिनिटं चालत लागतात अन् उशा लावायच्या आहेत. नाही, तुम्ही येऊ नका. तुम्ही आले की माय कप काढंल, अन् बाबाले वाटंल शुक्रवार आहे. अन् मी सोहमले काही सांगणार नाही, ये म्हणूनही नाही, नको येऊ म्हणूनही नाही. आज फक्त मी फोन लांब धरणार आहे. दारातून. पूर्ण दिवाण येईल त्यात, दोरी येईल, बेडपॅन येईल, मायही येईल. म्यूटले हात लावणार नाही. मग सोहम पाहील अन् त्याचं तो ठरवील, त्यानं दीक्षा घेतली तरी ती पाहून घेतलेली असंल. अन् मी पिठाच्या डब्याखालचं पत्र काढीन का नाही, ते मले अजून माहीत नाही, खरंच नाही.

तो रकाना आत्ता भरू नका, फादर. पेन ठेवा खाली. साडेबारापर्यंत थांबा, मग सोहमचा तुम्हाले फोन येईल, नाहीतर नाही येणार. मग जे खरं असंल ते लिहा.

दार राहू द्या उघडं. जाते मी.